अंबाजी तांडेल, पान चौसष्ट

चौसष्टाव्या पानाच्या तळाशी हरेश्वरच्या बापाचं नाव होतं, आणि ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. अकरा वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा माणूस कधी वाक्य वाचत नाही, फक्त अक्षरं वाचतो. वाक्यात कुणी मरत असो की कुणाचं लग्न लागत असो, बोटं आपली खिळ्यांच्या पेटीतल्या घरातून काना उचलतात, मात्रा उचलतात, हातातल्या स्टिकमध्ये ओळीनं उभी करतात आणि पुढच्या घराकडे वळतात. सकाळपासून हरेश्वरनं तीन पानं अशीच जुळवली होती. चौबळ मास्तरांची कादंबरी होती ती, इंग्रजांच्या शेवटच्या पाच वर्षांवरची. अलिबागच्या शाळेतून निवृत्त होऊन मास्तर गिरगावात मुलाकडे राहायला आले होते आणि जांभळ्या शाईत, मुलांना कित्ता घालून द्यावा अशा अक्षरात लिहीत होते. त्यांचं अक्षर इतकं चांगलं होतं, की वाचावं लागत नसे. ‘अंबाजी’ झालं. त्यापुढचा ‘तां’ त्यानं उचलला आणि हात हवेतच राहिला. तांडेल. अंबाजी तांडेल. त्याला वाटलं, कुणीतरी मागून येऊन आपल्या कानाशी हाक मारली. शेजारी मोरू जुळवत होता, पलीकडे पायानं चालवायचं यंत्र खडखडत होतं, खिडकीतून जानेवारीचं कोवळं ऊन खिळ्यांच्या पेटीवर पडलं होतं, सगळं काही क्षणापूर्वी होतं तसंच. अंबाजी नावाची माणसं पुष्कळ असतात, असं तो मनाशी म्हणाला. आणि तो म्हणत असतानाच त्याचे डोळे पान वर वर चढत गेले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो हातातला मजकूर वाचू लागला. मांडव्यापलीकडचा कोळीवाडा. सेहेचाळीसचा फेब्रुवारी. नाविकांचा संप. बंदरातल्या जहाजांवरून उतरवलेले इंग्रजी झेंडे. दंडाला गोळी चाटून गेलेला एक तरुण नाविक. जाळी ठेवायची झापांची खोपी, आणि त्या खोपीच्या दारातून दिसणारी तीन माडांची रांग. तीनच माड. ते कुणाच्या कल्पनेतले असणं शक्य नव्हतं. शेवटच्या ओळी अशा होत्या: ‘अंबाजी तांडेल खोपीच्या दाराशी जाऊन परत आला. मग त्याने त्या तरुणाचा हात आपल्या हातात घेतला आणि’. तिथं पान संपलं होतं.

आणि काय, ते हरेश्वरला ठाऊक होतं. ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि पोलिसांच्या हातात दिला. म्हणजे आता हेही छापून निघणार. बारा वर्षं जे एका वाडीत होतं, जे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, ते आता जाड पुठ्ठ्यात बांधून वाचनालयांत जाणार, आणि त्याचे खिळे जुळवणार तो स्वतः. या विचारानं त्याला एकदम हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीती वाटली. फेब्रुवारीतला तो दिवस त्याच्या अंगावर परत चढला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि बापाच्या होडीवर काम करत होता. ससून डॉकला मासळी उतरवली होती, आणि गावात गोळीबार चालू आहे, ट्राम पेटवल्यात, असं जो तो सांगत होता. बाप म्हणाला, निघा. होडी सोडतच होते, तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातला एक पोरगा धक्क्यावरून धावत आला आणि पायऱ्या न बघता सरळ होडीत उडी मारून पडला. बाही रक्तानं भिजलेली. बापानं एक शब्द न बोलता त्याच्यावर जाळं लोटलं, आणि त्यावर मासळीच्या रिकाम्या पाट्या. बंदर ओलांडून होडी मोकळ्या समुद्रात आल्यावर जाळं हललं आणि आतून आवाज आला, “मी पालीचा. चंदर माझं नाव.” पालीचा! जिल्ह्यातलाच, भातशेतीवाल्याचा मुलगा, नौदलात वायरलेसवर होता. हरेश्वरला त्या क्षणी वाटलं होतं, स्वराज्य स्वराज्य म्हणतात ते हेच, आपल्या होडीत जाळ्याखाली झोपलेलं. अकरा दिवस चंदर खोपीत होता. आई त्याच्या दंडावर हळदीचा लेप लावी, तो तिला बोटांनी ताटावर टकटक करून दाखवी, की तिचं केसर हे नाव तारेत कसं वाजतं. आणि हरेश्वर रोज त्याच्यापाशी बसून विचारी, पुढं काय होणार? इंग्रज कधी जाणार? आम्ही काय करायचं? बाराव्या दिवशी दुपारी हरेश्वर समुद्रावरून परतला, तर माडांपाशी पोलिसांची गाडी उभी होती, आणि बाप चंदरला मनगटाला धरून गाडीकडे चालत नेत होता. फौजदारानं बापाच्या खांद्यावर थोपटलं. हरेश्वर वाळूतून धावत गेला तोवर गाडी सुटली होती. तो बापाच्या पायांपुढं थुंकला होता. सगळ्या वाडीदेखत त्यानं बापाला फितूर म्हटलं होतं. तो शब्द त्या वाडीत पहिल्यांदा त्याच्याच तोंडून आला, आणि वाडीनं तो उचलला. बापानं पायानं थुंकीवर वाळू ओढली आणि तो घरात गेला.

“मोरू, पासष्टावं पान कुणाकडं आहे?”

“होतं माझ्याकडं. जुळवून झालं. फोरमननं परत नेलं.” मोरूनं मान वर केली. “काय झालं तुला? पांढरा पडलायस.”

“गॅली कुठाय?”

“ही काय, पुढ्यात.”

गॅलीच्या लांबट तबकात पासष्टावं पान शिशात उभं होतं. कागदावर बाहेर यायच्या आधी अक्षरं उलटी असतात, पण उलटी अक्षरं वाचणं हा हरेश्वरचा धंदाच होता. त्यानं गॅलीवर बोट टेकलं आणि ओळ धरली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं, पण आज त्याला अक्षरं लागेनात. काना कुठला, वेलांटी कुठली, काही कळेना. त्यानं डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि मग एकेक शब्द उलट्याचा सुलटा होऊन वर येऊ लागला. ‘म्हणाला, पोरा, तू आपणहून चाललास, पण मी माझ्या मुलाला काय सांगू? नाविक म्हणाला, काही सांगू नका. तुम्हीच मला धरून दिलं असंच त्याला वाटू द्या. तुमचा राग आला तरी तो जगेल. खरं कळलं तर जगणार नाही. म्हाताऱ्याने मान हलवली. मग दोघे खोपीतून बाहेर आले, आणि पाहणाऱ्याला वाटावे की धरून नेतो आहे, अशा बेताने म्हाताऱ्याने त्याचे मनगट घट्ट धरले.’

हरेश्वरनं ते पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की पायानं चालणारं यंत्र थांबलं. धरून दिलं नाही. बापानं धरून दिलं नाही! छातीत काहीतरी इतकं मोठं झालं होतं, की श्वासाला जागा उरली नव्हती. त्याला वाटलं, आत्ता या खिडकीतून रस्त्यावर ओरडावं, रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसांना सांगावं. आणि त्याच वेळी दुसरं मन म्हणत होतं, अरे, ही कादंबरी आहे, मास्तरांनी रचलेलं आहे, तू कंपॉझिटर आहेस, तुला माहीत नाही का, की शिशात काय वाटेल ते उभं करता येतं?

“मोरू, मी जातो.”

“कुठं? फोरमन काय म्हणेल?”

“काय वाटेल ते सांग त्याला.”

“ताप आला म्हणतो,” मोरू म्हणाला. “आलेलाच दिसतोय.”

चौबळ मास्तरांचं घर दोन गल्ल्यांपलीकडं होतं. हरेश्वर तिथवर चालत गेला की धावत, हे त्याला नंतर आठवेना. हात शिशानं काळे, कपाळावर काळं बोट उमटलेलं, अशा अवताराचा माणूस दारात बघून मास्तरांना वाटलं, छापखान्यात आग लागली. “पानं जळली का?” हेच त्यांनी पहिलं विचारलं.

“पासष्टावं पान,” हरेश्वर म्हणाला. “ते खरं आहे का?”

मास्तर हसले. सगळ्याच वाचकांना असं वाटतं, कादंबरीत थोडं खरं असतं थोडं रचलेलं, असं काहीतरी ते सांगू लागले. हरेश्वरनं त्यांना पुढं बोलू दिलं नाही.

“मी अंबाजी तांडेलाचा मुलगा.”

मास्तरांचा हात चष्म्याकडं गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, त्याच्या हाताचं काळं त्यांच्या बाहीला लागलं तरी. ते सावकाश बोलू लागले, एकेक वाक्य तोलून. चंदर जिवंत आहे. दीड वर्ष तुरुंगात काढून, नौदलातून नाव काढल्यावर पालीला गेला, शेती करतो. गेल्या वर्षी मास्तर त्याच्या ओटीवर चार दिवस राहिले आणि त्यानं सगळं सांगितलं. “बाकी सगळ्यांची नावं बदला म्हणाला, माझंही बदला. पण हे एक नाव आहे तसं राहू द्या. त्या माणसाला मी वचन दिलं होतं तोंड बंद ठेवायचं. पण आता बारा वर्षं झाली, आता ते वचन मला झोपू देत नाही. असे त्याचे शब्द.”

“मग खरं आहे.”

“पासष्टाव्या पानावर आहे तेवढं सगळं खरं आहे.”

“पण मला खरं कळलं तर मी जगणार नाही, असं का म्हणाला तो? तो आपणहून गेला हे कळून मी का मरेन?”

मास्तर खिडकीकडं बघत राहिले. “चंदरनं आणखी एक गोष्ट सांगितली,” ते म्हणाले. “ती मी लिहिली नाही. ती मी सांगणार पण नाही. वडिलांना विचारा.”

रस्त्यावर आल्यावर त्या शेवटच्या वाक्याचं त्याला काहीच वाटलं नाही. सगळं अंग आनंदानं इतकं भरलं होतं, की आणखी काही आत जायला वाव नव्हता. घर येईपर्यंत तो बापाचा चेहरा आठवत होता. बारा वर्षांत त्यानं तो चेहरा एकदाच पाहिला होता, चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा, तेही लांबून, चितेच्या पलीकडून. आईच्या दहाव्यालाही तो थांबला नव्हता. वाडीतली माणसं सांगायची ते कानावर यायचं. अंबाजीच्या होडीवर कुणी चढत नाही. अंबाजीनं होडी विकली. अंबाजी किनाऱ्यावरून पाग, हातजाळं, टाकतो आणि दुसऱ्यांची जाळी शिवतो. हे ऐकताना त्याला बरं वाटायचं. बरं वाटायचं! त्यानं चाळीच्या जिन्यात थांबून कठडा धरला. वर खोलीत कोकिळा तांदूळ निवडत होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि लग्न ठरलं तेव्हा हरेश्वरनं तिच्या माणसांना सांगितलं होतं, आईबाप दोघंही वारले.

“एवढ्या लवकर?” ती म्हणाली. “आणि हे तोंडाला काय लागलंय?”

“माझा बाप जिवंत आहे,” तो म्हणाला.

सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जाळ्याखालचा चंदर, गाडी, थुंकणं, पासष्टावं पान, मागचं पुढं आणि पुढचं मागं करत. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, “लग्नात मी ज्या सासऱ्याच्या नावाची सुपारी मांडून पुजली, तो तिकडं एकटा बसून दुसऱ्यांची जाळी शिवत होता?”

“हो.”

“आणि सासूबाई होत्या तेव्हा?”

“होत्या.”

ती रडेल किंवा काहीतरी फेकून मारेल असं त्याला वाटलं. तिनं सूप भिंतीशी ठेवलं, हात धुतले, खुंटीवरचं नवं लुगडं काढलं. “तुमच्याशी काय बोलायचं ते मी नंतर बोलेन,” ती म्हणाली. “लाँच किती वाजता आहे?”

दोनच्या लाँचवर ते बसले तेव्हा समुद्र अगदी निजलेला होता. कोकिळा कठड्याशी बसली, त्याच्यापासून दोन हातांवर, पदर घट्ट ओढून. भाऊचा धक्का मागं सरला. ह्याच पाण्यावरून त्या दिवशी होडी गेली होती. हरेश्वर बसू शकेना. तो पुढच्या टोकाला जाई, परत येई, पुन्हा जाई. बापाला काय म्हणायचं ते तो मनात जुळवत होता आणि जुळवलेलं मोडत होता. बा, मला कळलं. बा, मला माफ कर. बा, सगळं छापून येतंय. उन्हात पाणी चकाकत होतं, तोंडावर तुषार येत होते, आणि आयुष्यात इतकं सुख आपल्याला कधी झालं होतं, असं तो आठवू लागला. आणि आठवण आली. झालं होतं. एकदा अगदी असंच सुख झालं होतं. चंदर घरात होता त्या दिवसांतच, आठव्या की नवव्या दिवशी. तो मीठ आणायला अलिबागच्या बाजारात गेला होता आणि रघू न्हाव्याच्या दुकानात दाढी करायला बसला होता. बाकावर चारपाच माणसं मुंबईच्या संपाच्या गप्पा मारत होती. एक जण म्हणाला, कोळ्यांना काय त्याचं, इंग्रज असो की आणखी कुणी, मासळी खपली म्हणजे झालं. सगळे हसले. साबण लावलेल्या तोंडानं हरेश्वर आरशात त्यांच्याकडं बघत होता. आणि मग तो खुर्चीत वळून म्हणाला होता... काय म्हणाला होता? ते बोलताना झालेलं सुख त्याला आजही जसंच्या तसं आठवत होतं. दुकान एकदम गप्प झालेलं, रघूचा वस्तरा हवेत थांबलेला, माणसांचे डोळे आदरानं मोठे झालेले. बारा वर्षं ती आठवण त्यानं जपून ठेवली होती. आपण त्यांची तोंडं कशी बंद केली, याची आठवण. ती त्यानं कधी चंदरला नेणाऱ्या गाडीशेजारी आणून ठेवली नव्हती. आज लाँचच्या टोकाला उभं असताना त्या दोन गोष्टी आपणहून एकमेकींशेजारी आल्या. नववा दिवस. बारावा दिवस. त्यानं बोटांवर मोजलं, जसं काही त्यात चूक निघेल. पाणी तसंच चकाकत होतं. त्याला वाटलं, लाँच बंद पडावी. ती चालतच राहिली. तो येऊन कोकिळेजवळ बसला, आता अगदी चिकटून, आणि तिनं एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती सरकली नाही.

मांडव्याला उतरून वाडीपर्यंत चालत पाऊण तास लागला. ऊन उतरत होतं. वाळूवर रोवलेल्या काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते, बायका ते काढून पाट्यांत भरत होत्या, पुरुष पाच-सहा होड्यांच्या सावलीत बसले होते. कुणी त्याला हाक मारली नाही. घराच्या पडवीत बाप बसला होता. अंगठ्यात जाळं अडकवून, मान खाली घालून, लाकडी सुईनं भोकं सांधत. केस सगळे पांढरे झाले होते. खांदे मात्र तसेच रुंद होते, आणि ते बघून हरेश्वरचे पाय थबकले. त्याच्या आधी कोकिळाच पुढं झाली आणि म्हाताऱ्याच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं.

“ही कोन?” अंबाजीनं विचारलं, हरेश्वरकडं बघत.

“तुझी सून.”

म्हाताऱ्यानं सुई खाली ठेवली. हात धोतराला पुसले, दोनदा पुसले, आणि मग तिच्या डोक्यावर ठेवले. “बस गो,” तो म्हणाला. “पानी पी. मडक्यात हाय.”

हरेश्वर उभाच होता. लाँचवर जुळवलेलं एकही वाक्य उरलं नव्हतं. “बा,” तो म्हणाला, “चंदर आपणहून गेला. तू त्याला धरून दिलं नाहीस.”

“तुला कोनी सांगितला?”

“छापून येतंय. पुस्तकात. तुझं नाव आहे त्यात.”

“माजा नाव?” अंबाजी घाईनं उठू लागला, जाळं पायात अडकलं. “काढायला सांग. आजच्या आज सांग. माजा नाव नको पुस्तकात.”

“का नको?”

“नको म्हंजी नको. लोक वाचतील, मंग इचारतील ह्याचं कारन, त्याचं कारन.”

“कारण मला माहीत आहे,” हरेश्वर म्हणाला. “मी रघूच्या दुकानात बोललो होतो.”

अंबाजी परत बसला. पायातलं जाळं त्यानं सोडवलं. कोकिळा मडक्यापाशी पेला धरून तशीच उभी राहिली.

“व्हय,” तो म्हणाला. “फौजदार सकालीच आला व्हता. माडांखाली मला एकल्याला घेतलान. म्हनाला, तुजा पोर बाजारात बोलला. आता एक तर मानूस दे, न्हायतर पोर दे. मी म्हटला, मना काय म्हाईत न्हाय. खोपीत चंदरनं सगला ऐकला. फौजदार ग्येल्यावर मला म्हनाला, मी जातो. मी म्हटला, जाशील तरी पोराला सोडनार न्हाय ते, लपवला म्हनून आत टाकतील. तवा त्यानं आपलाच हात माज्या हातात दिला. म्हनाला, तुमी धरून न्या मला. बापानंच दिला म्हटल्यावर लेकाला कोन धरतंय?”

“मग मला का नाही सांगितलंस? बारा वर्षं, बा! आई गेली!”

“आयला ठाव व्हता.”

“आणि मला?”

“तू येकवीस वर्सांचा व्हतास.” अंबाजीनं सुई उचलली आणि पुन्हा ठेवली. “त्या दिसांत तू चालत न्हवतास, उडत व्हतास. चंदर तुज्या तोंडानं ग्येला असा तुला कलला असता, तं तू ह्या दर्यात ग्येला असतास. मी तुला वलखतो. माज्यावर रागावलास, मुंबयला ग्येलास, पोटाला लागलास. जित्ता ऱ्हायलास.” मग जरा थांबून, जणू ही फार लहान गोष्ट होती, तो म्हणाला, “मला लई जड न्हाय ग्येला.”

ते शेवटचं वाक्य हरेश्वरला सहन झालं नाही. शरम त्याला वाटत होती, इतकी की अंग जळत होतं. पण तिच्या खाली दुसरं काहीतरी उसळत होतं, फेब्रुवारीत होडीत उसळलं होतं तसं, आणि ते त्याला एका जागी उभं राहू देईना. तो वळला आणि वाळूवर चालू लागला. मागून बाप ओरडला, “हरेश्वर! गप ऱ्हा! येकदा बोललास त्येवढा पुरे!” पण तो होड्यांपर्यंत पोचला होता. पुरुषांनी माना वर केल्या. बायकांचे हात पाट्यांवर थांबले.

“ऐका,” तो म्हणाला. आवाज फाटला. त्यानं पुन्हा म्हटलं, “ऐका सगळ्यांनी. चंदरला माझ्या बापानं धरून दिलं नाही. माझ्या बापाला फितूर म्हणालो, ते खोटं होतं. चंदर माझ्यामुळं गेला. मी बाजारात बोललो.”

एक बाई दुसरीकडं बघू लागली. मग होडीला टेकून बसलेला नामा उठला. नामा बापाच्या बरोबरीचा, वीस वर्षं त्याच्या होडीवर होता, आणि त्या दिवसानंतर सगळ्यांत आधी ती होडी सोडून गेलेला माणूसही तोच.

“कुठं बोललास?” नामानं विचारलं.

“रघू न्हाव्याच्या दुकानात.”

“काय बोललास?”

हरेश्वरनं ओठ ओले केले.

“मंग सांग की. सगल्यांनी ऐकायचा म्हनालास ना? काय बोललास ता सांग.”

आणि ते त्याला सांगावं लागलं. ज्या शब्दांनी त्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख दिलं होतं, ते शब्द भर वाळूवर, बापाच्या, बायकोच्या आणि सगळ्या वाडीच्या देखत. “मी म्हणालो, कोळ्यांना काय म्हणता? या आमच्या घरी, दाखवतो. नौदलातला माणूस रोज आमच्या पंगतीला जेवतो. स्वराज्य आमच्या खोपीत झोपतं.” बोलताना त्याला आपलं ते एकवीस वर्षांचं साबण लावलेलं तोंड आरशात दिसलं, आणि त्या पोराची त्याला चीड आली नाही. त्याला त्याची भयंकर कीव आली. आपण अजून उभे आहोत, मेलो नाही, याचं आश्चर्य वाटत होतं. बारा वर्षं ज्याला भिऊन बापानं तोंड मिटलं होतं, ते होऊन गेलं होतं, आणि वारा सुटला होता, आणि बोंबलांचा वास येत होता, आणि छाती अशी धडधडत होती, जणू तो पोहत आत्ताच किनाऱ्याला लागला होता.

नामा त्याच्याकडं बघतही नव्हता. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, परत बांधला, आणि हरेश्वरच्या अंगावरून सरळ चालत पडवीकडं गेला. त्याच्या मागं आणखी दोघं उठले. मग बायका, पाट्या तशाच टाकून. पडवीपाशी नामा थांबला. वर चढला नाही. अंबाजी जाळ्यात मान घालून बसला होता. हातातली सुई चालत नव्हती.

“अंबाजी,” नामा म्हणाला, “उंद्या पानी कवा हाय?”

भरती-ओहोटीची वेळ त्या वाडीत लहान मुलालाही ठाऊक असते. ती विचारायची असते ती फक्त तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, होडीवर जायच्या आदल्या संध्याकाळी, आणि बारा वर्षांत अंबाजीला ती कुणी विचारली नव्हती. कोकिळेला यातलं काही माहीत नव्हतं. तरी तिनं पेला हळूच खाली ठेवला. म्हाताऱ्याची हनुवटी हलत होती. त्यानं समुद्राकडं पाहिलं, माडांकडं पाहिलं, नामाकडं मात्र पाहिलं नाही.

“दिस उगवायच्या वक्ताला भरल,” तो म्हणाला. “आनि नामा, तुज्या डोलकाठीची दोरी कुजलीय. तीन म्हयने बघतोय मी हितून. आधी ती बदल.”

“बदलतो,” नामा म्हणाला.